कटर कोठे बदलावा? छोट्या सीएनसी यंत्रांच्या पुस्तिकांतील एका ओळीवर टीका

छंदासाठी किंवा शाळेच्या कार्यशाळेसाठी घेतलेल्या लहान सीएनसी मिलिंग यंत्राबरोबर एक पातळशी पुस्तिका येते. तिच्या शेवटच्या पानांत कटर बदलण्याविषयी साधारण अशा आशयाची ओळ असते, की जी२८ ही आज्ञा द्या, यंत्र आपल्या घरी जाऊन थांबेल, मग कटर बदला. ओळ छोटी आहे आणि चटकन पाठ होते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ती इतकी अपुरी आहे, की तिच्या भरवशावर राहणाऱ्याचा कटर आज ना उद्या मोडणार. आमचा मोडला आहे.

(यंत्राच्या आज्ञा या लेखात नागरी लिपीत लिहिल्या आहेत. यंत्राला त्या रोमन लिपीतच द्याव्या लागतात.)

ज्या शिक्षकांनी असे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यंत्राच्या बेडवर लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा क्लॅम्पने आवळून बसवतात. त्याला कार्यशाळेत जॉब म्हणतात. वर स्पिंडलमध्ये फिरणारा कटर असतो. एक्स, वाय आणि झेड या तीन अक्षांवर तीन स्टेपर मोटरी जॉब आणि कटर यांची सापेक्ष जागा बदलतात. एकाच जॉबला बहुधा दोन-तीन कटर लागतात. जाड कटरने ढोबळ खोदाई, बारीक कटरने कोपरे, टोकदार कटरने अक्षरे. कारखान्यातील मोठी यंत्रे कटर आपोआप बदलतात. छोट्या यंत्रावर ते काम माणूस करतो, दोन पाने घेऊन, कटरच्या धारेपासून दोन बोटांवर हात ठेवून. म्हणून कटर बदलण्याची जागा हा सोयीचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे.

आता आमची हकीकत. भिंगे बसवण्यासाठी काही कंस हवे होते, म्हणून आमच्या प्रयोगशाळेने एक्स अक्षावर ३०० मिमी, वाय अक्षावर १८० मिमी आणि झेड अक्षावर ४५ मिमी हालचाल असलेले यंत्र घेतले होते. त्याला लिमिट स्विच नव्हते. पुस्तिकेबरहुकूम आम्ही सकाळी कटर हाताने पुढच्या डाव्या कोपऱ्यात आणून यंत्र सुरू केले. मग तो मागे उजवीकडे, वर नेऊन ती जागा 'घर' म्हणून साठवली: एक्स २८०, वाय १७०, झेड ४०. दोन कंस उत्तम झाले. दुपारी वीज गेली. त्या वेळी कटर साधारण मध्यभागी, १५० आणि ९० वर होता. वीज आल्यावर आमच्या विद्यार्थ्याने जॉबचे शून्य नव्याने लावले, पहिल्या कटरचे काम पुरे केले आणि जी२८ दिले.

विजेबरोबर यंत्राचे शून्यही गेले होते. स्विच नसलेले यंत्र जेथे सुरू होते तीच जागा ते शून्य मानते, आणि आता ते मध्यभागी सुरू झाले होते. 'घर' मात्र नियंत्रकाच्या कायम स्मृतीत जसेच्या तसे होते. त्यामुळे एक्स अक्षावर १५० मिमी वाट शिल्लक असताना २८० मिमी जाण्याचा हुकूम सुटला. कटर टोकाला जाऊन टेकला आणि मोटर उरलेले १३० मिमी जागच्या जागी गुरगुरत राहिली. वाय अक्षावर तसेच ८० मिमी वाया गेले. स्टेपर मोटर एका फेऱ्यात बहुधा २०० पावले टाकते. ती पावले खरोखर पडली की नाही हे नियंत्रकाला कळण्याची सोय या यंत्रांत नसते. यंत्राच्या हिशेबी ते घरी पोचले होते. विद्यार्थ्याने कटर बदलला, झेडचे शून्य कागदाच्या तुकड्याने पुन्हा लावले आणि पुढचा प्रोग्रॅम चालू केला. कटर जॉबऐवजी १३० मिमी डावीकडे आणि ८० मिमी पुढे गेला. तेथे आमच्या क्लॅम्पचा पोलादी बोल्ट होता. मोडलेले टोक उडून समोरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या झाकणावर आपटले. झाकणामागे विद्यार्थ्याचा चेहरा होता.

पुस्तिकेत काय लिहायला हवे होते? साधी गोष्ट: जागा सांगणारा आकडा कोणत्या आरंभबिंदूपासून मोजला आहे, आणि तो आरंभबिंदू अजून जागेवर आहे का. सहनिर्देशक भूमिती शिकवताना आपण फळ्यावर अक्ष काढतो आणि मगच बिंदूला (२८०, १७०) म्हणतो. अक्ष पुसले आणि आकडे ठेवले तर मुलेही हसतील. आमच्या यंत्रात नेमके तेच घडले.

अशा यंत्रात दोन आरंभबिंदू एकाच वेळी नांदत असतात. एक जॉबचे शून्य: ते आपण ठरवतो, बहुधा जॉबच्या कोपऱ्यावर आणि वरच्या पृष्ठावर, आणि प्रत्येक जॉबगणिक बदलतो. दुसरे यंत्राचे शून्य: ते सांगाड्याशी बांधलेले असायला हवे. लिमिट स्विच असतील तर यंत्र सुरू होताच तिन्ही अक्षांवर हळूहळू सरकून स्विचना शिवते आणि तेथून मोजू लागते. याला होमिंग म्हणतात. कटर बदलण्याची जागा सांगाड्याच्या संदर्भात ठरते, कारण हात, पाना आणि क्लॅम्प यांना जॉबच्या शून्याशी देणेघेणे नसते. म्हणून ती यंत्राच्या शून्यापासूनच मोजली पाहिजे. पुस्तिका या दोन शून्यांची नावे घेतात. पण कोणती आज्ञा कोणत्या शून्यावर चालते हे कोष्टकाच्या एका रकान्यात टाकून मोकळ्या होतात.

जी२८ चा गोंधळ आणखी एका बाजूने येतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे आपल्या अनेक शाळांत त्रिमितीय मुद्रक पोचले आहेत. अशा मुद्रकांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मार्लिन या नियंत्रण-प्रणालीत जी२८ म्हणजे होमिंग: स्विच शोध, शून्य ठरव. मिलिंग यंत्राच्या बोलीत जी२८ काहीच शोधत नाही. शून्य ठाऊक आहे असे गृहीत धरून ते साठवलेल्या जागेकडे धावते. मुद्रकावर जी२८ ने शून्य सापडते, मिलिंगवर ते आधीच सापडलेले असावे लागते. मुद्रक हाताळलेला नववीतला मुलगा मिलिंग यंत्रापुढे येतो तेव्हा पुस्तिकेतला 'घर' हा शब्द त्याला जुन्या ओळखीचा वाटतो, आणि तेथेच तो फसतो. एक वाक्य खर्चून हा फरक सांगणारी पुस्तिका आमच्या हाती अजून आलेली नाही.

मूळ ग्रंथ याहून बरे आहेत का? क्रेमर, प्रॉक्टर आणि मेसिना यांनी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेसाठी लिहिलेला आरएस२७४ एनजीसी या बोलीवरील अहवाल ऑगस्ट २००० चा आहे. आजच्या बऱ्याच हौशी नियंत्रकांची बोली त्याच्याच वळणाची आहे. त्यात जी२८ ची व्याख्या काटेकोर आहे. साठवलेली जागा ५१६१ ते ५१६६ क्रमांकांच्या चलांत असते. आज्ञेबरोबर अक्षांचे आकडे दिले तर यंत्र आधी त्या मधल्या बिंदूला जाते, मग घरी. आकडे दिले नाहीत तर थेट घरी. व्याख्येत दोष काढता येत नाही, पण तिचा परिणाम तेथे उलगडलेला नाही. भोळा वाचक 'झेडला घरी ने' म्हणून 'जी२८ झेड०' लिहितो. ते झेड० जॉबच्या शून्याच्या भाषेत वाचले जाते, आणि जॉबचे झेड शून्य म्हणजे जॉबचा वरचा पृष्ठभाग. म्हणजे जॉबच्या वर सुरक्षित उभा असलेला कटर आधी पूर्ण वेगाने खाली जॉबपर्यंत येईल आणि मग वर जाईल. 'जी२८ एक्स० वाय० झेड०' लिहिले तर तो तिरपा जॉबच्या कोपऱ्यावर उतरेल आणि वाटेत असेल त्याला धडकेल.

यावर अनुभवी लोकांचा एक तोडगा आहे: 'जी९१ जी२८ झेड०', आणि पुढच्या ओळीवर 'जी९०'. जी९१ मुळे आकडे सापेक्ष होतात, झेड० म्हणजे 'आहे तेथून शून्य अंतर', म्हणून मधला बिंदू म्हणजे आहे तीच जागा. युक्ती चांगली आहे. मात्र ती मंत्रासारखी पाठ करवली जाते आणि पुढचे जी९० विसरले, की त्यानंतरचा प्रत्येक आकडा सापेक्ष धरला जातो. शिवाय मंत्राचा अर्थ सर्वत्र एक नाही. २००० च्या अहवालाप्रमाणे घरी सगळेच अक्ष जातात. लिनक्स-सीएनसी आणि जीआरबीएल या नियंत्रकांत फक्त ज्यांचे नाव घेतले तेच. आम्हांला पाठांतराचा राग नाही, पाढे आम्हीही पाठ केले आहेत. पण यंत्रागणिक अर्थ बदलणारी ओळ पाढ्यासारखी म्हणवून घेणे बरे नव्हे.

नुसते जी२८, अक्षांच्या आकड्यांशिवाय, दिले तर काय होते याचा हिशेब वर्गात करून घेण्याजोगा आहे. समजा कटर ८ मिमी खोल खाचेच्या तळाशी आहे आणि खाचेची भिंत १५ मिमी दूर आहे. घर त्याच दिशेला १६० मिमी आडवे आणि ४० मिमी वर आहे. जीआरबीएल तिन्ही अक्ष एकदम हलवून सरळ रेषेत जातो, म्हणजे दर ४ मिमी आडव्या प्रवासात कटर १ मिमी चढतो. भिंतीशी पोचेपर्यंत तो १५ भागिले ४, म्हणजे ३.७५ मिमी चढलेला असतो, आणि त्याचे टोक काठाच्या ४.२५ मिमी खालीच असते. मिनिटाला १००० मिमी वेगाने ही टक्कर व्हायला एक सेकंदही लागत नाही. समरूप त्रिकोणांचे इतके खणखणीत उदाहरण पाठ्यपुस्तकात सहसा मिळत नाही. उपाय उघड आहे: आधी फक्त झेड वर, मग एक्स आणि वाय.

पण झेड किती वर? येथे दुसऱ्या प्रकारच्या पुस्तिका चुकतात. त्या सांगतात, 'जी० झेड५०' देऊन कटर जॉबपासून ५० मिमी वर घ्या. हा आकडा जॉबच्या शून्यापासूनचा आहे. आमच्या यंत्रावर एका जाड जॉबचा पृष्ठभाग झेडच्या वरच्या टोकापासून ३४ मिमी खाली होता. म्हणजे ५० पैकी ३४ मिमी जाऊन स्पिंडल वर अडकणार आणि १६ मिमीची पावले हवेत जाणार. नियंत्रक समजतो, कटर ५० वर आहे. पुढची आज्ञा 'जी० झेड५' आली, की तो ४५ मिमी खाली येतो. ३४ उणे ४५, म्हणजे कटर जॉबच्या पृष्ठभागाखाली ११ मिमी, तेही कापण्याच्या नव्हे तर धावण्याच्या वेगाने. 'सुरक्षित उंची' या नावाखाली दिलेल्या आकड्याने हे घडते. जितका आकडा मोठा तितकी सुरक्षितता जास्त, हा समज येथे उलटा ठरतो.

यंत्राच्या शून्यापासून मोजणारी आज्ञा आहे, जी५३. ती ज्या ओळीवर लिहिली त्या ओळीपुरतीच लागू असते आणि जी० किंवा जी१ च्या सोबतीनेच चालते. होमिंग केलेल्या यंत्रावर 'जी५३ जी० झेड-३' म्हणजे वरच्या टोकापासून ३ मिमी खाली, जॉब कोणताही असो. नंतर दुसऱ्या ओळीवर 'जी५३ जी० एक्स-१५० वाय-१७०'. ऋण चिन्हे पाहून विद्यार्थी बिचकतात. जीआरबीएल मूळ मांडणीत वरच्या, उजव्या, मागच्या टोकाला शून्य धरतो, म्हणून यंत्राची सारी जागा ऋण बाजूला येते. मधला बिंदू नाही, साठवलेले घर नाही, जी९१ आणि जी९० ची जोडगोळी नाही. इतकी स्वच्छ आज्ञा पुस्तिकांत परिशिष्टात का पडून असते, याचे आम्हांला खरोखर कोडे आहे. कदाचित 'घर' हा शब्द विकायला सोपा असेल.

जीआरबीएल हा नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. आर्दुइनो ऊनोसारख्या स्वस्त पाटीवर, ३२ किलोबाइट स्मृतीत, त्याने हजारो हौशी लोकांच्या हाती मिलिंग दिले, याबद्दल कृतज्ञता आहेच. त्याच्या दस्तऐवजातली भाषाही बहुतेक पुस्तिकांपेक्षा प्रामाणिक आहे. कटर बदलण्याची प्रमाण आज्ञा एम६ मूळ जीआरबीएल स्वीकारत नाही, ते काम संगणकावरच्या प्रेषक प्रोग्रॅमकडे सोपवतो, हे तेथे सरळ सांगितलेले आहे. पण त्याच्या रचनेत एक विसंगती आहे. सॉफ्ट लिमिट, म्हणजे हद्दीबाहेरचा हुकूम आधीच नाकारण्याची सोय, होमिंग चालू केल्याशिवाय तो चालूच करू देत नाही. कारण उघड आहे: शून्य ठाऊक नसेल तर हद्द कशी ठाऊक असणार? मग हाच न्याय जी२८ ला का नाही? होमिंग बंद असलेल्या यंत्रावर तो साठवलेल्या जागेकडे बिनदिक्कत निघतो. लिनक्स-सीएनसी येथे अधिक सुसंगत आहे. मुद्दाम सूट दिल्याखेरीज तो होमिंगपूर्वी प्रोग्रॅम चालवू देत नाही, आणि कटर बदलण्यापूर्वी झेड यंत्राच्या शून्यावर न्यायची सोय त्याच्या मांडणी-फाइलमध्ये एका ओळीने करता येते. ही सावधगिरी पूर्ण संगणकावरच परवडते असे नाही. 'होमिंग झाले का' हे लक्षात ठेवायला एक बिट पुरतो.

आणखी एक बारकावा. जीआरबीएलमध्ये घर साठवलेच नसेल तर जी२८ ची जागा यंत्राचे शून्य असते, आणि ते शून्य म्हणजे बरोबर स्विच दबतो ती जागा. होमिंगनंतर यंत्र स्विचपासून मुळात १ मिमी मागे सरकून थांबते. नव्या यंत्रावर होमिंग करून लगेच जी२८ दिले, तर ते त्या स्विचवर परत जाऊ पाहते आणि हार्ड लिमिट चालू असेल तर धोक्याचा इशारा देऊन बंद पडू शकते. यंत्र बिघडले म्हणून अशा वेळी विक्रेत्याकडे फोन जातो.

जागेइतकीच कटर बदलतानाची अवस्था महत्त्वाची, आणि याबद्दल बहुतेक पुस्तिका मौन पाळतात. एम० ने प्रोग्रॅम थांबतो, स्पिंडल नव्हे. स्पिंडल थांबवणारी आज्ञा एम५. ती एम० च्या आधी हवी. स्पिंडल म्हणून सुताराचा हातराउटर बसवला असेल आणि त्याचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये असेल, तर एम५ ला तो दादही देणार नाही; तेथे प्लग काढणे हाच नियम. दुसरे, जीआरबीएल मुळात हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरी सैल सोडतो. कोलेटचा नट आवळताना पान्याला दिलेल्या झटक्याने सैल गाडा सहज सरकतो आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो. डॉलर १ क्रमांकाच्या सेटिंगला २५५ दिले, की मोटरी धरून राहतात. कटर बदलल्यावर नक्षी अर्धा मिलिमीटर सरकली, अशी तक्रार घेऊन आलेल्या दोघांना आम्ही एवढेच करायला सांगितले. दोघांची तक्रार परत आली नाही.

नव्या कटरची लांबी जुन्याइतकी नसते, म्हणून झेडचे शून्य पुन्हा लावावे लागते. हे मात्र सगळ्या पुस्तिका सांगतात, आणि बरे सांगतात. फक्त पहिल्या कटरने जॉबचा जो भाग खोदून टाकला तेथे आता मूळ पृष्ठभाग उरलेला नाही. शून्य लावायची जागा आधीच ठरवून न कापता राखली पाहिजे.

ज्या शाळेत स्विच नसलेले यंत्र आले आहे तेथे काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. स्विच बसेपर्यंत जी२८ आणि जी३० वापरू नयेत, जी५३ सुद्धा नाही. तिन्ही आज्ञांना जे शून्य लागते ते या यंत्राकडे नाही. प्रत्येक कटरसाठी वेगळा प्रोग्रॅम करावा. प्रोग्रॅम संपताना कटर जॉबच्या वर आणि क्लॅम्पच्याही वर राहील एवढीच उंची द्यावी, आणि ती उंची वर शिल्लक आहे हे आधी पट्टीने मोजावे. मग बटणे दाबून, डोळ्यांदेखत, झेड वर आणि कटर पुढे आणावा. सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम काढताना 'सुरक्षित माघार' कशी हवी असे विचारले जाते. फ्यूजनमध्ये जी२८, जी५३ आणि ठरावीक उंची असे तीन पर्याय असतात. स्विच नसेल तर तिसरा निवडावा. तीन स्विच, थोडी वायर आणि एक दुपार मिळाली तर दुसरा.

स्विच बसवल्यानंतर जागा निवडताना एक्स मध्यावर आणि वाय पुढच्या बाजूला घ्यावा. बेड सरकणाऱ्या यंत्रात तेव्हा जॉब मागे जातो आणि कटरखाली मोकळी जागा होते. निसटलेला कटर जॉबवर पडत नाही. तेथे कटर हाताने धरून दोन्ही पाने पूर्ण फिरतात का, हे यंत्र बंद असताना एकदा करून पाहावे. आमच्या यंत्रावर डावीकडचा पाना उभ्या खांबाला अडत होता, म्हणून आम्ही एक्स -१५० ऐवजी -१३० घेतला.